मशीनला तारीख सांगणारी

कुंदा रोज सकाळी काट्याच्या खोलीत आली की चप्पल बाहेर काढायची, पदरानं खुर्ची पुसायची आणि कंप्युटरला तारीख सांगायची. मोठ्यानं. "आज मंगळवार हाय बाप्पा. महिना सांगतो, सालबी सांगतो, ऐक." पडदा काळा असायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. ती हातानं बटणं दाबायची आणि तोंडानं बोलत राहायची, तापात बरळणाऱ्या माणसाशी बोलावं तशी. पहिल्या दिवशी मी झाडू हातात धरून उभी राहिले आणि विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली वं?"

"याच्याशी. याले रोज सकाळी वाटते का आपण दोन हजार दोन सालात हावो."

मला ती थोडी खुळी वाटली. पुढं कळलं की खुळी अजिबात नव्हती.

मारेगावच्या बाहेर आमचं जिन आहे. कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात. फाटकाशी गाड्या तोलायचा मोठा काटा आहे. भरलेली गाडी काट्यावर उभी राहते, खोलीतल्या कंप्युटरवर वजन येतं, पावती निघते. पावती नसेल तर गाडी आत जात नाही. मी तिथं झाडलोट करते, पाणी भरते, चहा करते. आता काट्यावर शेठचा भाचा बसतो. त्याच्या आधी कुंदा बसायची. गावात सांगतात की ती मेकॅनिकबरोबर पळून गेली. ते खोटं आहे. खरं काय झालं ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

कुंदा दिसायला विशेष नव्हती. उंच, हाडकुळी, कपाळ मोठं. हसू आलं की तोंडावर हात घ्यायची, जसं काही हसणं चोरून आणलं आहे. बोलणं मात्र खणखणीत. काट्यावर ट्रॅक्टर तिरपा लावला की खिडकीतून ओरडायची, "काहो भाऊ, अर्धी गाडी घरी ठेवून आले का? चाकं वर घ्या ना!" माणसं हसत आणि गाडी सरळ करत. शेठचा हिशेबनीससुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. त्या खोलीत ती राणीसारखी होती. खोली होती चार पावलांची आणि तिला खिडकी एकच, ती काट्याकडं उघडणारी.

ओळख वाढल्यावर तिनं मला मशीनचं दुखणं सांगितलं. कंप्युटरच्या पोटात रुपयाएवढा चपटा सेल असतो. लाइन गेली तरी त्या सेलवर आतलं घड्याळ चालू राहतं, आणि मशीनला कितीच्या वेगानं चालायचं तेही लक्षात राहतं. या मशीनचं तसं नव्हतं. लाइन गेली की सगळं विसरायचं. परत सुरू केलं की दोन हजार दोन साल, एक जानेवारी. "अन् पाय आजी, याची ताकद पंधराशेची हाय. उठल्यावर सोताच सांगते, मी अकराशेचाच. मंग काट्याचा आकडा नुसता थरथरते, टिकत नाई." तारीख चुकलेली पावती निघाली की गाडीवाला आणि हिशेबनीस दोघंही भांडायला उभे. म्हणून दर वेळी कुंदानं काळ्या पडद्यात शिरायचं आणि तारीख, वेळ, ताकद तिन्ही परत घालायची. ते कसं करायचं हे जिनवर दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. आणि आमच्याकडं लाइन किती वेळा जाते ते सांगायला नको.

"मंग फेकून देत काहून नाई हा डबा?" मी विचारलं.

"काट्याचा प्रोग्राम याच्यावरच चालते. दुसऱ्यावर चढत नाई. ज्यानं बसवला तो माणूस धंदा सोडून गेला. अन् शेठ नवा काटा घेईन?" ती हसली, तोंडावर हात घेऊन.

तिच्या घरचं मला हळूहळू कळलं. नवरा देविदास, त्याचा पानठेला बसस्टँडच्या तोंडाशी. गावातून कोण कुठल्या एसटीत चढतं हे त्याला बसल्या जागी दिसायचं. बायको माहेरी वणीला निघाली तरी त्याच्या डोळ्यांसमोरूनच जाणार. फोन त्यानं तिला दिला नव्हता. घरात सासू. कुठं गेलती, काहून गेलती, कोन भेटलं, काय म्हनलं, येवढा उशीर काहून, हे दळण कुंदा दाराबाहेर गेली की सुरू व्हायचं. मूल झालं नव्हतं, त्यामुळं ते दळण थांबवायला घरात दुसरा विषयही नव्हता. मारहाण नव्हती. मार असता तर चार लोकांना वळ दाखवता आले असते. हे काय दाखवणार?

जिनवर ती येऊ शकली त्याचं कारण शेठ. लग्नाआधी ती कंप्युटर शिकली होती, हे कोणीतरी शेठच्या कानावर घातलं. शेठ स्वतः ठेल्यावर गेले. जिनचे हमाल, ड्रायव्हर सगळे देविदासकडून तंबाखू-सुपारीचा खर्रा घेत, त्यामुळं त्याला शेठला नाही म्हणवलं नाही. सकाळी तो तिला मोटरसायकलवर आणून सोडायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. मधला दिवस तिचा. "आजी, लाइन जाते तवा मले बरं वाटते," ती म्हणायची. मला वाटायचं, कामाची हौस आहे बाईला.

मशीन दुरुस्त करायला यवतमाळहून इरफान यायचा. यवतमाळला लागूनच लोहाऱ्याला त्याचं दुकान आहे. लेकराबाळांचा माणूस, गप्पिष्ट. आला की आधी चहा मागायचा, मग पेचकस काढायचा. जुना सेल काढून नवा घालायचा. मशीन बंद करून परत चालू करायचा. पुन्हा दोन हजार दोन. तो डोकं खाजवायचा. "शेठ, सेल नवा हाय. बोर्डच टाइम धरत नाई. बोर्ड गेला." शेठ म्हणायचे, "मग चालू दे आहे तसं. कुंदाबाई आहेत ना." इरफान सामान आवरता आवरता कुंदाला म्हणायचा, "भाभी, या मशीनले तुमचाच हात लागते." ती वर बघायची नाही.

एका दुपारी काट्यावर गाडी नव्हती. मी चहा घेऊन गेले तर दार लोटलेलं. आत कुंदा जमिनीवर बसलेली, मशीनचं पत्र्याचं झाकण उघडं, सेल काढून मांडीवर ठेवलेला आणि हातात नेलपॉलिशची बाटली. बिनरंगाचं पॉलिश. तिच्या नखांना मी कधी पॉलिश पाहिलं नव्हतं. सेल जिथं टेकतो त्या पत्र्याच्या जिभेवर ती बारीक कुंचला फिरवत होती, डोळ्यात काजळ घालावं तितक्या जपून.

"हे काय करून राह्यली?"

ती दचकली नाही. फुंकर मारून पॉलिश वाळवलं, मग म्हणाली, "दार लाव आजी."

तिचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा. उघड्या तारेला चिकटपट्टी नसली तर नेलपॉलिश लावायचा, त्यातून वीज जात नाही. ते तिनं लहानपणी पाहिलेलं. सेल कितीही नवा घाला, त्याची वीज पॉलिशच्या पलीकडं जाणारच नाही. पहिल्या वर्षी सेल खरोखरच संपला होता. इरफाननं नवा घातला आणि मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं. तेव्हा शेठ म्हणाले, कुंदाबाई, आता तुमची गरज नाही, आता हमालसुद्धा बटण दाबेल. तिला घरी बसवलं. पुढचा हंगाम येईपर्यंत ती सासूच्या नजरेखाली होती. हंगामाच्या गर्दीत शेठनं थोड्या दिवसांसाठी बोलावलं, तेव्हा ती बाटली ब्लाउजमधून घेऊन आली.

"म्हनजे तूच बिघडवलं?"

"बिघडवलं नाई. माह्याबिगर उठू नको, येवढंच शिकवलं."

मला तिची कीव आली नाही, चीड आली. येवढं डोकं, आणि ते वापरलं कशाला, तर खुर्ची सुटू नये म्हणून. तसं मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "तुले घरी जाताना कोनी विचारते का आजी, कोन भेटलं म्हणून?" मला कोणी विचारत नाही. माझा नवरा मेला, मुलगा दूर आहे. मी चहा ठेवला आणि गेले. कोणाला सांगितलं मात्र नाही.

मग तिची आई वणीला आजारी पडली. कुंदा शेठकडं सुट्टी मागायला गेली. शेठ म्हणाले, "जा ना, पण काटा कोण चालवणार? बाहेर रांग पाहिली का?" ती नवऱ्याकडं गेली. देविदासला तर बरंच झालं. "शेठ सोडत नाई, तं मी काय करू? मी नाई म्हनलो का?" संध्याकाळी काटा बंद झाल्यावर तो तिला मोटरसायकलवर न्यायचा, आईला घोटभर पाणी पाजेपर्यंत बाहेर गाडीचा हॉर्न वाजवायचा, परत आणायचा. आई गेली ती भर दुपारी. निरोप आला तेव्हा लाइन नुकतीच आली होती आणि गाड्या खोळंबल्या होत्या. कुंदानं मशीनला तारीख सांगितली, रांग काढली आणि मग गेली. पोहोचली तेव्हा स्मशानातून माणसं परतत होती.

त्यानंतर ती तारीख मनातल्या मनात घालायची. बोलणं बंद.

एक दिवस मीच म्हटलं, "खरडून टाक ते पॉलिश. मोकळी हो."

"खरडलं का घरी बसनं आलं. नाई खरडलं का इथं बसनं आलं. सांग, कुठं बसू?"



उत्तर इरफाननं आणलं. तो काहीतरी कारण काढून आला. झाकण उघडायचं नाटक केलं, मला म्हणाला, "आजी, दारात उभ्या राहा बरं." मग कुंदाला हळूच सांगितलं, "भाभी, झालं तुमचं काम. कळंबच्या पुढं एका खेड्यात डाकघर हाय, तिथं नाव लागलं." मागच्या खेपेला त्यानं आपल्या मोबाइलवर तिचा अर्ज भरला होता, दहावीच्या मार्कांवर. निरोपही त्याच्याच मोबाइलवर आला. शुक्रवारच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सेल काढता-घालताना जिभेवरचा पॉलिशचा थर बोटाला लागतो, हे त्या माणसाला केव्हाचं माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं फक्त येवढंच केलं आणि गावानं त्याच्यावर पळवून नेल्याचा आळ घेतला.

कुंदा खूश झाली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "जाय ना मंग."

"कशी जाऊ? मी खोलीत नसली अन् लाइन गेली, तं काटा बंद. काटा बंद झाला का शेठ पयले ठेल्यावर फोन करन. हा मोटरसायकल घेऊन करंजीच्या फाट्यापाशीच मले पकडन. एकदा का तिथं हजर झाल्याची सही झाली, मंग काही होवो. सही होईपर्यंत काटा चालला पायजे."

"मंग मले शिकव."

 मी चौथी शिकलेली. पण इंग्रजी आकडे मला मोबाइलवरून येत होते, आणि काट्याला गाडीच्या नंबराशिवाय काही लिहावं लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मुद्दाम मशीन बंद करायची आणि मला बसवायची. "आजी, बोट उचल ना! भाकर थापून राह्यली का?" तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तरी मी चुकले की तिला हसू यायचं. मला काळा पडदा दिसला की घाम फुटायचा. कोपऱ्यातलं बटण टकटक दाबायचं, मग बाणानं खाली, तारीख, वेळ, मग दुसऱ्या पानावर जाऊन ताकद. ताकदीच्या जागी मी एकदा भलतंच काही घातलं आणि मशीन पार गपगार झालं. कुंदा म्हणाली, "मारलं तू त्याले." मग तिनं वायर काढून परत लावली, मशीन माझी चूकही विसरलं आणि परत उठलं.

गुरुवारी देविदासनं तिला नेहमीसारखं आणून सोडलं. गठाणीचा ट्रक निघायचा होता, ड्रायव्हर बाहेरचा. मी त्याला म्हटलं, ही माझी भाची, फाट्यावर उतरव. ट्रक बसस्टँडवरूनच जातो. ठेल्यासमोर ती सीटखाली वाकली असेल. मी पाहिलं नाही, मी खुर्चीवर होते.

लाइन दहाच्या सुमाराला गेली. आली तेव्हा काट्यावर ट्रॅक्टर उभा. मी कोपऱ्यातलं बटण टकटक दाबायला लागले. ट्रॅक्टरवाला खिडकीत डोकं घालून म्हणाला, "काव बुढे, बाबू कुठं हाय?"

"मीच बाबू. चाक वर घे."

तारीख बरोबर बसली, वजन टिकलं. शेठनं दोनदा येऊन विचारलं, कुंदाबाई कुठं आहेत. दोन्ही वेळा मी सांगितलं, पोट बिघडलं, मागं गेली. दुसऱ्या वेळी शेठ म्हणाले, "अजून मागंच?" मी म्हटलं, "डॉक्टर आणता का?" ते गेले. दुपारी लाइन पुन्हा गेली, पुन्हा आली. मी उठले नाही. लघवीलासुद्धा उठले नाही. माझी पाठ धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तेव्हा मला कळलं की ही बाई या खुर्चीत कशी बसून होती.

संध्याकाळी देविदास मोटरसायकल फाटकात लावून आत आला.

"कुंदा कुठं हाय?"

"कामावर."

"काम तं इथं हाय."

"इथं मी हावो."

त्यानं मशीनच्या मागं वाकून पाहिलं, जणू ती तिथं लपली आहे. मग शेठकडं पळाला. तोवर इरफानचा माझ्या मोबाइलवर फोन येऊन गेला होता. सही झाली होती, म्हणून शेठनं विचारल्यावर ती कुठं गेली ते मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी देविदास आणि शेठ जीप घेऊन त्या खेड्यात गेले. ती त्यांच्याबरोबर आली नाही. म्हणाली, रविवारी येतो, मशीनचं काय ते करून देतो, आजीले किती दिवस बसवता. आणि रविवारी एसटीनं आली. बसस्टँडवर उतरून, ठेल्यासमोरून, सगळ्यांच्या देखत चालत जिनवर आली.

काट्याच्या खोलीत शेठ, देविदास आणि मी. ती सरळ मशीनशी बसली. झाकण काढलं, सेल काढला, पर्समधून ब्लेड काढलं आणि त्या पत्र्याच्या जिभेवरून खरडायला लागली. पापुद्रे पडले.

शेठ वाकून म्हणाले, "हे काय?"

"नेलपॉलिश."

तिनं नवा सेल घातला, एकदा तारीख, वेळ, ताकद भरली, मशीन बंद केलं आणि भिंतीतून वायरसुद्धा काढून टाकली. आम्ही सगळे मयताला उभं राहावं तसे उभे. मग तिनं वायर लावली, बटण दाबलं. पंधराशे. साल हेच. वेळ शेठच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळली.

शेठचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..." देविदास घाईघाईनं म्हणाला, "शेठ, मले माहीत नव्हतं. आईची आण, मले काही माहीत नव्हतं." मग तिच्याकडं वळला. "झालं नाटक? चाल आता घरी."

"नाई येत."

"नाई येत म्हनजे? मशीन सुधरलं. आता तुई गरज कोनाले हाय?"

"कोनालेच नाई," कुंदा म्हणाली. "म्हनूनच जातो."

त्यानं तिचा हात धरला. शेठ म्हणाले, "अरे देविदास, इथं तमाशा नको." त्यानं हात सोडला नाही, पण त्याची पकड शेठकडं बघता बघता ढिली पडली. तेवढ्यात काट्यावर गाडी चढली आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आम्ही तिघांनीही खुर्चीकडं पाहिलं आणि मग कुंदाकडं. तिचा मोकळा हात खुर्चीच्या पाठीवर गेला होता. सवयीनं. तिला ते दिसलं असावं, कारण तिनं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला, आणि दुसराही सोडवून घेतला.

"आजी, गाडी आली," ती म्हणाली आणि चपला घालायला बाहेर गेली.

मी बसले. गाडीचा नंबर घातला, आकडा टिकला, पावती काढून खिडकीतून दिली. मान वळवून पाहिलं तर शेठ निघून गेले होते आणि देविदास दारात एकटाच उभा होता.